‘परत न्या’चा दिवा

१

“तुमच्यापैकी कोणीतरी तो निरोप ऐकलाय. ऐकून रिसीव्हर खाली ठेवलाय, आणि आता इथंच बसून निवांत डबा खातंय.”

हे तिनं कोणाकडेही न बघता म्हटलं. जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्यांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. कोणी पाण्याची बाटली उघडली, कोणी आधीच पुसलेला चमचा पुन्हा पुसला.

कंपनीचं काम साधं होतं. घरी आजारी माणूस असलं की लागणाऱ्या वस्तू भाड्यानं द्यायच्या. डोक्याकडून वर होणारे पलंग, चाकांच्या खुर्च्या, प्राणवायूची यंत्रं. फोन लावला की आधी विचारलं जायचं, नवीन वस्तू हवी असेल तर एक दाबा, बिघाड असेल तर दोन, वस्तू परत न्यायची असेल तर तीन. उचलायला कोणी मोकळं नसलं की निरोप त्या त्या बॉक्समध्ये जाऊन पडायचा आणि सगळ्या टेबलांवर त्या बॉक्सचा लाल दिवा लागायचा. एकानं निरोप ऐकला की सगळ्यांचा दिवा विझायचा. पहिल्या दोन बॉक्सवर लोक तुटून पडत. तिसऱ्याकडे कोणी फिरकत नसे. पलंग परत द्यायची वेळ येते ती माणूस उठून चालायला लागलं म्हणून, किंवा दुसऱ्या कारणानं. ते दुसरं कारण फोनवरच्या पहिल्या शब्दातच कळतं, आणि तिथंच ऐकणाऱ्याचा हात रिसीव्हर खाली ठेवतो.

त्या दिवशी सकाळी एक गृहस्थ स्वतः येऊन गेले होते. निरोपावर निरोप ठेवूनही कोणी आलं नाही म्हणून. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “पलंग अजून तिथंच आहे. म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपतो.”

“अगं घाईबाई, जेवू दे की माणसांना,” मागणी घेणाऱ्या ताई म्हणाल्या. त्या ऑफिसात सगळ्यांत जुन्या, आणि हे नाव त्यांनीच तिला ठेवलेलं. “दिवा बंद होता. दिवा बंद म्हणजे कोणीतरी ऐकलं, आणि ऐकलं म्हणजे फोन केला असेल. असंच वाटणार ना?”

“ज्यानं ऐकलं त्यालाही असंच वाटलं असेल.”

“मला पत्ता द्या, मी पलंग आणतो,” गाडीवाला म्हणाला. अंगानं काडी असल्यामुळे त्याला सगळे पैलवान म्हणत. “फक्त आधी फोनवर बोलायला सांगू नका. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. बोल्ट खोलायचे तर कितीही खोलतो.”

यावर हसू आलं, आणि हसण्यात विषय वाहून गेला असता. पण ऑफिसातली फोनची यंत्रणा तिच्या ताब्यात होती, आणि विषय वाहून जाऊ देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

२

तिनं जुना बॉक्स मोडला आणि नवा बांधला. नुसतं ऐकून आता दिवा विझणार नव्हता. निरोप ठेवणाऱ्याला फोन करायचा, बोलायचं, आणि बोलणं संपल्यावर बटण दाबायचं, तेव्हाच दिवा जाणार. पळवाट बंद. शिवाय या बॉक्समध्ये तिनं मजल्यावरचा एकूण एक फोन घातला. साहेबांच्या केबिनमधला, तिचा स्वतःचा, अगदी परत आलेल्या वस्तू ठेवायच्या खोलीतला भिंतीवरचा फोनसुद्धा.

“तिथं तर कोणी बसत नाही,” साहेब म्हणाले.

“पैलवान सामान उतरवायला जातात ना? त्यांनाही दिवा दिसू दे.”

“आणि कोण ऐकतं, कोण ऐकत नाही, ते आम्हाला कळेल?”

“यंत्रणेत बघता येतं. पण मी बघणार नाही. पाळत ठेवली की माणूस माणसाशी नीट बोलत नाही.” हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, शब्द दिला. साहेबांनी खांदे उडवले. तिच्या वयाचे असताना तेही असेच बोलत असावेत, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं आणि तिला त्याचा राग आला.

राहिलं होतं सुरुवातीचं बोलणं रेकॉर्ड करायचं. हॉलमध्ये गोंगाट, म्हणून ती त्या मागच्या खोलीत गेली. पलंग ओळीनं उभे होते, गाद्यांवर प्लास्टिक. खिडकी उंचावर होती आणि तिच्यातून येणारा उजेड भांडं धुतलेल्या पाण्यासारखा होता. भिंतीवरचा फोन तोंडाशी धरून ती म्हणाली, “आम्ही आत्ता फोन घेऊ शकत नाही. तुमचं म्हणणं सांगा. सावकाश सांगा. आमच्यापैकी कोणीतरी आजच तुम्हाला फोन करेल.”

दारात साहेब उभे होते. “सावकाश हा शब्द तू किती घाईत म्हणतेस.”

तिनं पुन्हा म्हटलं. मध्येच खिशातला मोबाइल थरथरला. आई. तिनं तो बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. या वेळी जमलं. तिनं ऐकून बघितलं. शब्द स्वच्छ होते, गती बरोबर होती. फक्त शेवटच्या शब्दानंतर, टोन वाजायच्या आधी, एक बारीकसा “हं” होता. पुढचं ऐकायला कोणी सरसावून बसावं तसा.

आपणच घसा साफ केला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आवाज तर आपलाच आहे. पुन्हा सगळं म्हणायचा तिला कंटाळा आला होता.

३

आणि व्यवस्था चालली. इतकी छान चालली की तिला स्वतःचा अभिमान वाटला. सकाळी लागलेला दिवा दुपारपर्यंत विझलेला असे. पैलवान पलंग आणायला जाई तेव्हा लोक त्याला पाणी विचारत.

“तुमच्यातल्या कोणी बाई काय बोलल्या कुणास ठाऊक,” तो ताईंना म्हणाला, “पण माणसं शांत असतात आता. एक आजी तर म्हणाल्या, त्यांना सांगा, मी रात्री झोपले.”

“मी नाही बाबा,” ताई म्हणाल्या. “ही घाईबाई असणार. आपल्याला सांगते आणि स्वतःच सगळं उरकते.”

तिला वाटलं, ताईच आहेत, उगाच लाजताहेत. साहेबांना वाटलं या दोघींपैकी कोणीतरी असेल. ते गृहस्थसुद्धा एकदा येऊन गेले. पलंग नेल्याबद्दल नाही, फोनबद्दल आभार मानायला. “फार काही बोलल्या नाहीत त्या,” ते म्हणाले. “पण घाई नव्हती त्यांना.”

ताई तिच्याकडे बघून फिसकन हसल्या. “मग ही नव्हे.”

तीही हसली. पण काम करताना ते वाक्य पायात काटा मोडावा तसं आत राहिलं.

४

ती ऑफिसजवळ एका खोलीत एकटी राहायची. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबा शेवटचे महिने ज्या पलंगावर होते तो याच कंपनीचा, तिनंच सवलतीत मिळवून दिलेला. बाबा गेले आणि पलंग बाहेरच्या खोलीतच राहिला. आई तो परत देईना. ती आईला दर वेळी म्हणायची, आधी तो पलंग काढ, मग येते. तो बघवत नाही, हे मात्र तिला म्हणता येत नसे. म्हणून फोनवर “जेवलीस का” आणि “हो” एवढंच उरलं होतं. तेही ती चालता चालता उरकायची.

त्या संध्याकाळी आईचा आवाज वेगळा होता. हलका.

“मी तुमच्या ऑफिसात फोन केला होता. तीन नंबर दाबला. म्हटलं, एकदाचा नेऊन टाका तो पलंग, म्हणजे तू येशील तरी.”

“मग मला सांगायचंस ना आई.”

“तू उचलत नाहीस. ते असू दे. नंतर एका बाईंचा फोन आला. इतक्या छान बोलल्या. बोलल्या म्हणजे काय, ऐकलंच त्यांनी. पलंगाचं नावच काढलं नाही. नुसतं म्हणाल्या, ‘मग?’”

“मग काय?”

“मग काही नाही. मी बोलत गेले. आवाज अगदी तुझ्यासारखा आहे गं. आधी मला वाटलं तूच.”

“रेकॉर्डिंग माझ्या आवाजात आहे. त्यामुळे वाटलं असेल.”

“असेल. अगं, समोर नवीन बाई राहायला आल्यात, त्या काल...”

“आई, मी जिन्यात आहे. नंतर करते.”

जिन्यात ती खरंच होती. पण जिन्यातला दिवा न लावता बराच वेळ तिथंच उभी राहिली. आईनं पलंग परत द्यायला फोन केला होता. आपण यावं म्हणून. आणि आपल्याला ते दुसऱ्या कोणीतरी ऐकल्यावर कळलं.

५

“आईशी कोण बोलतंय?” तिनं दुसऱ्या दिवशी थेट विचारलं. कोणीच नाही. ताईंनी तर कपाळावर हात मारला. “अगं, आम्ही कोणीच त्या तिसऱ्या बॉक्सला हात लावलेला नाही. तू लावतेस म्हणून आम्ही निवांत. मी खोटं कशाला बोलू?”

यंत्रणेत बघितलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण शब्द दिला होता, आणि आपला शब्द आपणच मोडायचा तर इतरांना बोलायचं कुठल्या तोंडानं? ती नुसती बसून राहिली. समोर फोन, फोनवर दिवा.

दुपारी तो लागला. ताई तिच्या डोळ्यांसमोर मागणी लिहून घेत होत्या. साहेब काचेपलीकडे पेंगत होते. पैलवान उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. कोणाचाही हात फोनवर नव्हता.

मागच्या भिंतीतून आवाज आला. फार बारीक. पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायला पायाशी दांडा फिरवतात, त्याचा कुरकुर आवाज. सावकाश, थांबत थांबत. कोणाला दुखू नये म्हणून फिरवतात तसा.

“आत कोणी आहे?” तिनं पैलवानाला विचारलं.

“कोण असणार? कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला.”

दिवा विझला.

तिनं किल्ली घेतली. आत प्लास्टिकचा वास होता आणि सगळे पलंग सपाट होते. एक सोडून. खिडकीखालच्या पलंगाची डोक्याकडची बाजू वर होती, घरात कोणी बसून चहा घेतं तेवढी. भिंतीवरच्या फोनची वायर ताणून तिथवर आणलेली होती आणि रिसीव्हर गादीवर होता, तोंड उशाकडे करून. उशी नव्हती. उशीच्या जागी प्लास्टिक दबलेलं होतं, आणि ती बघत असताना ते हळूहळू, चुरचुरत, पुन्हा वर आलं.

दांडा सैल असेल. पलंग उतरवताना धक्का लागला असेल. रिसीव्हर कोणीतरी टाकला असेल. तिनं ही सगळी कारणं एकामागून एक मनाशी म्हटली. एकेकटी ती सगळी खरी वाटली असती. तिनं रिसीव्हर उचलला. तो कानाला ऊब देत होता. भिंतीतून वायर काढून तिनं तो फोन स्वतःच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला.

६

पुढच्या दिवशी दिवा लागला, आणि विझला.

तो पुन्हा लागला तेव्हा तिनं शब्द मोडला. यंत्रणेत चालू असलेला कोणताही फोन ऐकता येतो. आपला आवाज मात्र तिकडे जात नाही. नवीन माणसांना शिकवताना वापरतात ती सोय. तिनं ती उघडली, तिसरा बॉक्स निवडला आणि रिसीव्हर कानाला लावला.

“...कोणाला सांगितलं नाही मी हे,” आई म्हणत होती. “तुलाच सांगते. संध्याकाळ झाली की मी तो दांडा फिरवते. ते नसले तरी. डोक्याकडची बाजू वर करून ठेवते. सपाट पलंग बघवत नाही मला. सपाट असला की ते गेलेत असं वाटतं.”

“हं,” तिकडून आवाज आला. तिचाच आवाज. पण तिला स्वतःला कधी जमला नसता इतका सावकाश. “मीपण करते.”

आई थांबली. मग हसली. कितीतरी दिवसांनी तिनं आईचं हसणं ऐकलं. “वेडी गं तू. तिथं कोणासाठी करतेस?”

“मग?” तो आवाज म्हणाला. “पुढं सांग.”

“आई,” ती म्हणाली. माहीत होतं की जाणार नाही, तरी म्हणाली. “आई, ती मी नाही. आई.”

“मध्येच खरखर येतेय का गं?” आईनं विचारलं. “कोणी आहे का लाइनवर?”

तिकडं एक क्षण शांतता होती. त्या शांततेत कोणीतरी वळून तिच्याकडे बघितलं, असं तिला वाटलं. वाटलं एवढंच म्हणता येईल. समोर नुसता कॉम्प्युटरचा पडदा होता.

“कोणी नाही,” तिचा आवाज म्हणाला. “तू सांग.”

तिनं पूर्ण बॉक्स पुसून टाकला. तीन नंबरच काढून टाकला. यंत्रणा बंद केली तेव्हा हॉलमधले सगळे फोन एकदम मेले आणि ताई म्हणाल्या, “अगं, माझा ग्राहक होता ना.” मग तिनं मोबाइलवरून आईला फोन लावला. लागेना. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

“अहो ताई,” ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण पळायच्याच बेतात आहोत, “कोणी विचारलं तर सांगा, मी आईकडे गेलेय.”

“आत्ता? बरं झालं. जा. पण नीट जा.”

७

बसमध्ये तिनं काय बोलायचं ते ठरवलं. पलंगाचं नाव काढायचं नाही. आधी बसायचं. आईला म्हणायचं, सांग. आणि मग गप्प राहायचं. मध्ये बोलायचं नाही. काय अवघड आहे त्यात? कान द्यायचे. बस थांब्यावर थांबे तेव्हा ती फोन लावून बघे. व्यस्त. बाहेर दुकानं उघडी होती, माणसं खरेदी करत होती, कोणीतरी कोणाला रस्ता ओलांडून हाक मारत होतं. एका सिग्नलला तिनं काचेजवळ तोंड नेऊन हळूच “हं” म्हणून बघितलं. नीट आला नाही. घाईतच आला.

जिन्याच्या भिंतीला नवा रंग होता. कधी लावला तिला माहीत नव्हतं. आईच्या दाराला कडी लावलेली नव्हती. ढकलल्यावर ते उघडलं.

बाहेरच्या खोलीत पलंग होता. डोक्याकडची बाजू वर केलेली, चादर ताणून खोचलेली, उशीला धुतलेला अभ्रा. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती, पुढं वाकून, हातावर हनुवटी ठेवून. केस विंचरलेले होते, अंगावर बाहेर जायची साडी होती. टेलिफोनची वायर खोलीभर ताणलेली होती आणि रिसीव्हर उशीवर होता. उशी त्याच्या वजनानं दबते त्याहून जास्त दबली होती.

“आणि मग काय झालं माहितेय,” आई उशीला सांगत होती, “ते म्हणाले, पोरीला सांगू नकोस, ती धावत येईल...”

तिनं तोंड उघडलं. ‘आई’ म्हणायला.

“आई,” उशीवरून तिचा आवाज आला, काळजीनं, “कोण आलंय गं?”

आईनं मान वर केली. तिची नजर आधी मुलीच्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्रावर गेली आणि तिथंच राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळख नव्हती. कामात असताना दारात कोणी आलं की आपण करतो तसा तिनं हात वर केला. थांबा जरा. मग पुन्हा उशीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, “कोणी नाही बाळ. तू ऐक.”

ती उंबऱ्यातच उभी राहिली. ठरवलेलं सगळं तोंडात होतं. सांग, असं तिला म्हणायचं होतं. पण ते ऐकायला खोलीत आधीच कोणीतरी बसलं होतं.

तिच्या मागं समोरच्या घराचं दार उघडलं. हात पदराला पुसत एक अनोळखी बाई बाहेर आल्या. त्यांनीही आधी ओळखपत्रच वाचलं, आणि समजूत पटल्यासारखी मान हलवली.

“पलंग न्यायला आलात ना? अहो, आज नका काढू विषय. मुलीशी बोलताहेत त्या. बिचारीला तेवढं एकच तर माणूस आहे.”